झीज आणि गंज

मराठीतले 'ठेवणे' हे क्रियापद मोठे विश्वासू आहे. आपण देवघरात ठेवतो, व्याजाने ठेवतो, लक्षात ठेवतो. आणि माळ्यावरही ठेवतो. पहिल्या तिन्ही ठिकाणी ठेवलेल्या वस्तूकडे पुन्हा वळण्याचा एक अलिखित करार असतो. माळ्यावरच्या वस्तूच्या वाट्याला तो येत नाही. तिच्यासाठी आपल्याकडे एक वेगळेच वाक्य आहे : 'राहू दे, बघू पुढे.' हे वाक्य एखाद्या यंत्राच्या पोटात पंधरा वर्षांत नेमके काय करते, ते गेल्या वर्षभरात आम्हांला जवळून पाहायला मिळाले. यंत्रशास्त्राशी आमचा काही संबंध नाही. आम्ही दोघेही पदवीच्या वर्गांना मराठी शिकवतो, एकाच विभागात काम करतो आणि एकाच घरात राहतो. तरीही जे पाहिले ते आमच्या विषयाच्या इतके जवळचे निघाले की, ते येथे मांडावेसे वाटले.

गाडी आमच्यापैकी एकीच्या वडिलांची. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावी ते डॉक्टर होते. सारे गाव त्यांना डॉक्टर म्हणे, घरात ते आप्पा होते. १९७३ साली नोंदलेली 'प्रीमियर प्रेसिडेंट' त्यांनी १९८१ मध्ये मुंबईच्या एका गृहस्थांकडून विकत घेतली. नावाचा थोडा खुलासा करायला हवा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने 'फियाट ११००' ही मोटार तयार होऊ लागली. पुढे तीच मोटार 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावांनी बाजारात आली. कागदोपत्री नावे बदलली तरी लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दोन-तीन पिढ्यांनी जी गाडी पाहिली ती हीच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरेच हळवे लेखन झाले. आमच्या घरची फियाट त्या वेळी गोठ्यात होती आणि तिच्याविषयी कोणी काही लिहिण्याचा प्रश्न नव्हता.

एकोणतीस वर्षे तिने आप्पांबरोबर रात्री-अपरात्री फेऱ्या केल्या. विंचू चावलेली मुले, अडलेल्या बायका, तापाने फणफणलेले म्हातारे तिच्या मागच्या बाकावरून तालुक्याच्या रुग्णालयात गेले. आई, म्हणजे आप्पांच्या पत्नी, पुष्कळदा पुढच्या बाकावर बसून सोबत जात. घाटात धुके असले की खिडकीतून डोके बाहेर काढून रस्त्याची कड सांगण्याचे काम त्यांचे. जून २०१० मध्ये आप्पांनी गाडी गोठ्यात उभी केली. गुरे आधीच विकली होती, गोठा रिकामा होता. डोळ्यांचे कारण होते. नजर सुधारली की चालवायचीच आहे, असे ते म्हणत, आणि म्हणून त्यांनी बॅटरीसुद्धा काढू दिली नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टर असलेल्या माणसाला ठाऊक असणारच. पण 'राहू दे, बघू पुढे' या वाक्याला त्यांच्यासमोर कोण काय उत्तर देणार? २०२१ साली आप्पा गेले. गाडी होती तिथेच राहिली.

कोकणातला गोठा ही मोटार ठेवण्यासाठी बहुधा सर्वांत वाईट जागा असावी. चिऱ्याच्या भिंती पाणी धरून ठेवतात. खाली मातीची जमीन, तिच्यात वर्षानुवर्षांचे गोमूत्र मुरलेले. बाजूला खाडीची खारी हवा. रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो चार महिन्यांत पडतो. कौलांतून गळणाऱ्या पाण्यापेक्षाही वाईट असते ती न दिसणारी ओल. दिवसा हवा तापते, रात्री निवते आणि लोखंडाच्या गार अंगावर पाण्याचे बारीक थेंब धरतात. असे पंधरा पावसाळे.

२०२४ च्या दिवाळीनंतर घराच्या वाटण्या ठरल्या आणि गोठा पाडायचे ठरले. गाडीचे काय, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मुदतीसह समोर आला. भंगारवाला वजनावर न्यायला तयार होता. महामार्गालगतच्या एका रिसॉर्टच्या मालकांना ती फाटकापाशी उभी करून तिच्या टपावर आणि डिकीत फुलझाडे लावायची होती. इंजिन असले काय, नसले काय, त्यांना सारखेच. त्यांनी देऊ केलेली रक्कम भंगारवाल्याच्या तिपटीहून जास्त होती. पुण्याहून आलेले दादा म्हणाले, निदान लोकांच्या डोळ्यांसमोर तरी राहील. आई तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "चालणार असेल तर करा. फाटकाशी उभी करायला मी ती देणार नाही. त्यापेक्षा मोडीत गेलेली बरी." त्या वेळी त्यांना एक्याऐंशीवे वर्ष लागले होते. चालणार आहे की नाही, हे सांगणे आता आमच्याकडे आले.

तालुक्याच्या गावी आप्पांच्या काळापासून ही गाडी हाताळणारे एक मेस्त्री आहेत. ते येण्याआधी गावाने आम्हांला भरपूर सल्ले दिले होते. नवी बॅटरी लावून सेल्फ मारा, ट्रॅक्टरला बांधून ओढा, उतारावर सोडून गेअर टाका. फियाट आहे, ऐकेल. मेस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून पाहिले आणि म्हणाले, "ताई, आता हिला कुणी हात लावायचा नाय. सेल्फ नाय, धक्का नाय. आत काय धरलंय ते कळल्याबिगर फिरवली, तर जे वाचलंय तेपण मोडंल."

जुने इंजिन जिवंत करण्यातला हा पहिला नियम, आणि तो मन मानत नाही. वस्तू बंद पडलेली पाहिली की माणसाचा हात किल्लीकडे जातो. पण सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेली पिस्टनची रिंग जोराने ओढली तर ती तुटते, तुटलेला तुकडा भिंतीवर चरे पाडतो. अडकलेल्या व्हॉल्व्हला खालून दांडीने रेटले तर दांडी वाकते. पंधरा वर्षांच्या ओलीने जे बिघडवले नाही, ते पंधरा सेकंदांचा उत्साह बिघडवतो. जुन्या पोथीची एकमेकांना चिकटलेली पाने ज्यांनी कधी हाताळली असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मेस्त्रींनी चारही स्पार्क प्लग काढले, कोणता कुठला ते खडूने लिहून ओळीने मांडले आणि प्रत्येक भोकात डिझेल व पातळ ऑइल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण ओतले. "तीन आठवडे," एवढे बोलून ते गेले. मधल्या काळात आमचे काम एकच : दर दोन दिवसांनी मिश्रणाची पातळी पाहायची, उतरली असेल तर भर घालायची. एका भोकातले मिश्रण तसेच राही, एकातले हळूहळू झिरपे. परत आल्यावर त्यांनी तळाचा नट सोडला, तेव्हा आधी पाणी आले. तांबूस, पेलाभर. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी साचून राहिलेले. त्याच्यामागून काकवीसारखे काळे ऑइल आले. इंजिनात बाहेरून कोणीही पाणी ओतलेले नव्हते. ते सगळे हवेतून, थेंबाथेंबाने आत उतरले होते.

मग त्यांनी वरचे झाकण काढून व्हॉल्व्ह एकेक करून मोकळे केले, पुढे लोखंडी हँडल लावले आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार न टाकता, दाब दिला. काहीच झाले नाही. उलट्या दिशेने दिला, पुन्हा सुलट्या. हे बराच वेळ चालले. अखेर हँडल एक सूतभर हलले आणि आतून कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला. मेस्त्री थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "बास. आता हेड काढू."

हेड उतरवायला दोन दिवस लागले. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. दोन धातू ओलीत एकत्र राहिले की त्यांच्यात पांढरट क्षार धरतो आणि हेड आपल्याच बोल्टांना आवळून बसते. लाकडी हातोडीने चारही बाजूंनी हलके ठोके देत ते वर उचलले गेले आणि चार सिलिंडर उघडे पडले. जे दिसले, त्याने आम्ही चकित झालो. पहिला आणि दुसरा सिलिंडर जवळजवळ स्वच्छ होता. तिसऱ्यात तांबूस पुट होते. चौथा मात्र आतून खाल्ल्यासारखा. मध्यावर, पिस्टन थांबला होता त्याच्या वरच्या भागात, भिंतीला खड्डे पडलेले. एकच ब्लॉक, एकच गोठा, तेच पंधरा पावसाळे. मग हा भेद कशाने?

मेस्त्रींनी हे जे समजावले ते आम्ही कागदावर आकृती काढून पुन्हा पडताळून पाहिले. प्रत्येक सिलिंडरची चार कामे असतात : हवा-पेट्रोल आत घेणे, ते दाबणे, जळण्याचा जोर झेलणे आणि धूर बाहेर टाकणे. चारही सिलिंडर एकाच वेळी एकच काम करीत नाहीत. फियाटमध्ये ते १-३-४-२ या क्रमाने पेटतात. त्यामुळे इंजिन जिथे थांबते, तिथे चौघे चार वेगवेगळ्या अवस्थांत थांबतात. आप्पांनी जून २०१० मध्ये किल्ली फिरवून इंजिन बंद केले, त्या क्षणी पहिला सिलिंडर दाबण्याच्या आणि दुसरा जोर झेलण्याच्या टप्प्यावर होता. या दोन्ही टप्प्यांत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. तिसरा आत घेत होता. त्याचा वरचा व्हॉल्व्ह उघडा, पण वाटेत कार्बोरेटर आणि हवेची जाळी. चौथा धूर बाहेर टाकीत होता. त्याचा दुसरा व्हॉल्व्ह उघडा आणि तिथून सायलेन्सरच्या नळीतून सरळ गोठ्यापर्यंत मोकळी वाट. गोठ्यातली ओल पंधरा वर्षे त्या वाटेने आत जात राहिली.

म्हणजे मिटलेले दोन वाचले आणि उघडे राहिलेले दोन आपापल्या उघडेपणाच्या प्रमाणात गंजले. हे कळल्यावर आमच्या मनात जी जुळणी झाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तोवर पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते धन जवळपास अज्ञात होते. वर्गात हे शिकवताना आम्ही त्याचा उल्लेख हानी म्हणून करीत आलो आहोत, आणि वाचकांच्या दृष्टीने ती हानी आहेच. पण त्या बंदिस्तपणामुळे तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या मराठी गद्याचे रूप पुष्कळसे टिकून राहिले. याच्या उलट ज्ञानेश्वरी. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेला हा ग्रंथ घरोघर वाचला गेला, तोंडपाठ झाला, नकला करणाऱ्यांच्या हातून फिरला आणि झिजला. शब्द बदलले, पाठ सरकले. अखेर शके १५०६ मध्ये एकनाथांनी त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. वापराने आलेली झीज दुरुस्त करता आली, कारण दुरुस्त करणाऱ्याजवळ ताडून पाहायला प्रती होत्या आणि ग्रंथावर जीव असलेली माणसे होती.

तेव्हा टिकण्याच्या दोन वाटा दिसतात. एक, सतत वापरात राहणे आणि झिजणे. दुसरी, नीट मिटून घेणे. आणि मिटून घेण्यातही निगा असते. महानुभावांच्या पोथ्या बंद होत्या, पण किल्ली ठाऊक असलेला कोणी ना कोणी त्या उघडत होता, नकलत होता. मोटारीचेही तसेच. मेस्त्री सांगतात, गाडी लांब मुदतीसाठी ठेवायची तर टाकीतले पेट्रोल काढून टाकावे, इंजिनात नवे ऑइल भरावे, प्लगच्या भोकांतून चमचा-चमचा ऑइल सोडून हँडलने चार फेरे द्यावेत, सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडक्याचा बोळा घालावा आणि महिन्यातून एकदा हँडल फिरवावे. यात अवघड काही नाही. फक्त आपण गाडी ठेवतो आहोत, हे स्वतःशी कबूल करावे लागते. उद्या-परवा चालवू, या आशेवर उभ्या केलेल्या गाडीच्या नशिबी ती निगा येत नाही. आप्पांची गाडी ना चालती होती, ना मिटलेली. तिची एक झडप उघडी राहिली होती, आणि ती झडप म्हणजे आप्पांची आशाच होती, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. त्यांना दोष द्यावासा मात्र वाटत नाही.

ब्लॉक कोल्हापूरला न्यायचे ठरले. तिथल्या उद्यमनगरात ओतकामाची आणि लेथची जुनी परंपरा आहे. आंबा घाट चढून टेम्पोतून ब्लॉक तिथे गेला, आम्ही मागून एस.टी.ने. लेथवाल्या मिस्त्रींनी आधी पिस्टनच्या डोक्यावरची घाण पुसली आणि तिथे कोरलेला आकडा दाखवला. कंपनीतून निघालेल्या फियाटच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर. हे पिस्टन त्याहून थोडे मोठे होते. म्हणजे आप्पांच्या हाती येण्यापूर्वी किंवा नंतर हा ब्लॉक एकदा कातून मोठा केलेला होता. आम्ही जिला मूळ संहिता समजत होतो, ती दुसरी आवृत्ती निघाली. मग त्यांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये मापाचे घड्याळ उतरवून वर, मध्ये, खाली अशी मापे घेतली आणि खडूने ब्लॉकवरच लिहिली. वरच्या टोकाला, रिंगा जिथवर पोचतात तिथे, बोटाला लागेल अशी एक बारीक कड होती. ती वर्षानुवर्षांच्या चालण्याची खूण. आम्ही विचारले, सगळेच बोअर पुन्हा कातावे लागतील का? ते म्हणाले, "न्हाई सर. ह्या तिन्हीला काय झालेलं न्हाई. झिजल्यात, पण सरळ झिजल्यात. झिजलेलं मापात धरता येतंय. गंजलेलं मापात बसत न्हाई."

हे वाक्य आम्ही टिपून घेतले. झीज ही वापराची नोंद असते. ती कुठून सुरू झाली, कुठे जास्त आहे, कुठे कमी, हे वाचता येते आणि त्यावर हिशेबाने उपाय करता येतो. गंजाला असा क्रम नसतो. तो जिथे थेंब बसला तिथे खातो. चौथ्या सिलिंडरचे खड्डे इतके खोल होते की, कातून ते घालवायचे तर भिंत उरली नसती. तेव्हा त्या एकात बिडाची नवी स्लीव्ह ठोकून तिचे माप बाकी तिघांशी जुळवायचे. तिसऱ्याचे पुट घासून काढायचे. पहिला आणि दुसरा फक्त हलक्या हाताने खरवडून तसेच ठेवायचे, असे ठरले. संपूर्ण नवे इंजिन किंवा दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवणे हा स्वस्त पर्याय होता आणि तो आम्हांला दोघा-तिघांनी सुचवलाही. पण मग जे चालेल ते काय असेल, असा प्रश्न उरत होता. भ्रष्ट झालेली ओवी दुरुस्त करणे आणि तिच्या जागी आपली ओवी रचणे, यांतला भेद संपादनाच्या तासाला आम्हीच शिकवतो.

रिंगा, हेडचे पॅकिंग आणि बेअरिंगे कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मिळाली. पेट्रोलची टाकी उघडली तेव्हा तीतून वार्निशसारखा उग्र वास आला. पेट्रोलमधला उडून जाणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. तिने कार्बोरेटरची बारीक भोके पक्की बुजवली होती. ती तारेने कोरायची नाहीत, नाहीतर माप मोठे होते. द्रावणात भिजवून, फुंकून मोकळी करायची. एक अडचण मात्र नव्या काळाची निघाली. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. जुन्या काळच्या पंपातला रबरी पडदा आणि बुचाची पॅकिंगे त्या पेट्रोलात टिकत नाहीत, शिवाय ते हवेतली ओलही ओढून घेते. तेव्हा पंपातला पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या या इंधनाला टिकणाऱ्या बसवाव्या लागल्या. पन्नास वर्षांचे शरीर आजचे अन्न खाणार असेल तर त्याची पचनसंस्था थोडी बदलावी लागते. मूळपणाचा आग्रह कुठवर धरायचा, हे असे एकेका नळीपाशी ठरत गेले.

इंजिन जागेवर बसले तेव्हा २०२५ चा मे महिना होता. तरीही किल्ली लगेच फिरवली नाही. आधी प्लग न लावता हँडलने फेरे दिले. ऑइल तळातून वर चढून सगळ्या सांध्यांत पोचेपर्यंत जाळ पेटवायचा नाही, असा मेस्त्रींचा दंडक. मग प्लग आले, चोक ओढला आणि सेल्फ मारला. तिसऱ्या प्रयत्नाला ते पेटले. गोठ्याच्या पाडलेल्या भिंतींमधून पांढरा धूर पसरला, काही मिनिटांनी विरळ झाला आणि आवाज एकसारखा झाला. आई पडवीत बसल्या होत्या. त्यांनी ऐकले आणि मेस्त्रींना विचारले, "एक टॅपेट वाजतंय का?" वाजत होते. मेस्त्रींनी ते नीट केले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचे कान डॉक्टरांपेक्षा बरे."

राहिला प्रश्न कागदांचा, आणि खरा पेच तिथे होता. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली मोटार 'विंटेज' म्हणून नोंदता येते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक. आमची गाडी २०२३ मध्येच त्या पात्रतेला पोचली होती. मात्र अशी मोटार रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे, देखभाल, एवढ्यापुरतीच तिने बाहेर पडायचे. दुसरा मार्ग साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा. वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी त्याचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाले. उशिराचा आकार आणि पर्यावरण कर वेगळा. मुदत पाचच वर्षे, आणि प्रत्येक वेळी गाडी समोर उभी करून ती चालण्याजोगी आहे हे दाखवायचे. एकीकडे मान, दुसरीकडे परीक्षा.

हा पेच आम्हांला ओळखीचा वाटला त्याला कारण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या महाविद्यालयात त्या निमित्ताने ग्रंथदिंडी निघाली, व्याख्याने झाली; आम्हीही त्यात होतो आणि आम्हांलाही आनंद झाला. त्याच वर्षी तृतीय वर्षाला मराठी विशेष विषय घेणारे विद्यार्थी नऊ होते. दर्जामुळे जुन्या ग्रंथांचे संशोधन होईल, ते व्हायलाच हवे. मिटलेल्या सिलिंडरांची निगा ती. पण वर्गात बसणाऱ्या नऊ मुलांना प्रश्न पडतो तो वेगळा : या भाषेत आम्ही उद्या काय काम करू? त्या प्रश्नाला 'राहू दे, बघू पुढे' असे उत्तर देत राहणे म्हणजे भाषा ना वापरणे, ना मिटून जपणे. मुले मराठीतून अर्ज लिहितात, भांडतात, चुकीचे शब्द वापरतात, इंग्रजी क्रियापदांना मराठी प्रत्यय लावतात. ही झीज आहे. ती आम्ही वह्यांतून लाल शाईने दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करता येते याचे समाधान असते. कोऱ्या वहीत दुरुस्त करायला काही नसते.

आम्ही साध्या नोंदणीचा अर्ज भरला. आईंनी आधीच तसे सांगून ठेवले होते, त्यामुळे निर्णयाचे श्रेय आमचे नाही. तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, चाकांच्या रबराची नक्षी पाहिली आणि विचारले, "रोज चालवणार?" रोज नाही, पण आठवड्याला नक्की, असे आम्ही म्हणालो.

सध्या गाडीला एक पथ्य आहे. नव्या रिंगा आणि नवी स्लीव्ह कितीही अचूक कातली तरी ती एकमेकींना पूर्ण जुळलेली नसतात. त्यांच्या अंगावरच्या बारीक रेघा एकमेकींवर घासून थोड्या झिजाव्या लागतात, तेव्हाच रिंग भिंतीशी नीट बसते आणि इंजिन दाब धरते. पूर्वी नव्या गाड्यांच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी असे, ती याचसाठी. मागच्याने घाई करू नये. पहिले पाचशे किलोमीटर वेग बेताचा ठेवायचा, चढावर इंजिन दमवायचे नाही, पण उभे ठेवून नुसते घुरघुरवायचेही नाही. चालवायलाच हवे. घरून तालुक्याचा आठवडा बाजार एकोणीस किलोमीटरवर आहे. आई पुढच्या बाकावर बसतात आणि गरज नसताना रस्त्याची कड सांगतात. पाचशे पुरे झाले की ऑइल बदलायचे आहे. आजमितीस तीनशे बेचाळीस झाले आहेत.